धुतलेल्या टी-शर्टला दुपारी वास का सुटतो आणि सुती कपडा पावसाळ्यात का कुबटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने दिलेला पॉलिस्टरचा कॉलरवाला टी-शर्ट तुम्ही रोज धुऊन घालता. कपाटातून काढताना त्याला सॉफ्टनरचा छान वास असतो, पण डोंबिवलीहून लोकलने दादरला उतरेपर्यंत काखेत उग्र वास सुटतो. घरी घालायच्या सुती टी-शर्टना हा त्रास नाही, मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तेच कुबटतात. डिटर्जंट बदललं, सॉफ्टनर वाढवलं, शेवटच्या पाण्यात जंतुनाशकही घालून पाहिलं. आता विचारताय की कापड नेमकं कोणतं घ्यावं.

कापडाकडे शेवटी येऊ. कारण तुम्ही एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी सांगितल्यात आणि दोन्हींवर एकच इलाज चालवताय. पॉलिस्टर तेल धरून ठेवतं, सुती कापड पाणी धरून ठेवतं. पहिल्याचा वास धुलाईत निघून न गेलेल्या तेलाचा आहे, दुसऱ्याचा वास वाळायला लागलेल्या जास्तीच्या वेळाचा. इलाजही वेगळे आहेत.

फरक नाकालाही कळतो. पॉलिस्टरचा वास आंबूस, चिरलेल्या कांद्याकडे झुकणारा असतो आणि तो काखेत, कॉलरला, पाठीच्या मधोमध असा जागा धरून असतो. कुबट वास ओल्या फडक्यासारखा असतो, सगळ्या कपड्याला येतो आणि शिवणीच्या जाड भागात, कॉलरच्या पट्टीत, दुहेरी खिशात जास्त जाणवतो. इलाज करण्याआधी कपडा उलटा करून या जागा एकेक हुंगून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात, त्या आधीच सांगतो. घाम किती येतो, त्याला वास किती असतो हे बरंचसं जन्मजात असतं, थोडं खाण्यावर आणि औषधांवर असतं. तुमच्याकडे पाणी पालिकेचं की बोअरवेलचं, यावर धुलाईचा निकाल फिरतो. अंगाचा वास अलीकडे अचानक बदलला असेल तर मात्र कपड्यांच्या मागे न लागता डॉक्टरांना विचारा.

आता मूळ कारण. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर पसरलेल्या घामग्रंथींतून येतं ते मुख्यतः पाणी आणि मीठ. काखेत याशिवाय दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, त्यांच्या स्रावात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. त्यात त्वचेचं स्वतःचं तेल मिसळतं. त्वचेवरचे जिवाणू, मुख्यतः कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकस या कुळांतले, हे सगळं फोडतात आणि त्यातून वासाची आम्लं आणि गंधकाची संयुगं तयार होतात. ही गंधकाची संयुगं अगदी नगण्य प्रमाणात असली तरी नाकाला कळतात. वासाचे बरेचसे रेणू पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, आणि पुढचा सगळा खेळ यावरच चालतो.

कोणता धागा किती पाणी धरतो हे मोजायची कापड व्यवसायात ठरलेली रीत आहे. पूर्ण कोरडा तंतू साधारण २० अंश तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला, तर तो स्वतःच्या वजनाच्या किती टक्के ओलावा हवेतून ओढतो? लोकर १५-१६ टक्के, व्हिस्कोस (म्हणजे रेयॉन) ११ ते १३, रेशीम ११ च्या आसपास, सूत ७ ते ८.५, नायलॉन ४, ॲक्रिलिक दीड-दोन आणि पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के. सूत आणि पॉलिस्टर यांच्यात जवळजवळ वीसपट फरक आहे.

सुताच्या तंतूत पाणी आत शिरतं आणि तंतू फुगतो. घामाबरोबर वासाचे रेणूही आत ओढले जातात, म्हणून अंगावर असताना ते हवेत कमी उडतात. धुताना तंतू पुन्हा फुगतो, वरचं तेल सैल होतं आणि साबणाचं पाणी त्याला उचलून नेतं. पॉलिस्टरच्या तंतूत पाणी शिरतच नाही. तेल मात्र त्याला लगेच चिकटतं आणि पसरतं, कारण रासायनिक स्वभावाने हा धागा तेलाच्या बाजूचा आहे. थंड पाण्यात अर्धा तास फिरवून पाणी बाहेरून वाहून जातं, तेलाचा पातळ थर तिथेच राहतो आणि त्यात वास मुरलेला असतो.

तुमच्या टी-शर्टवर ‘ड्राय’ असं काही छापलेलं असेलच. ते खोटं नाही, पण त्याचा अर्थ समजून घ्या. अशा कापडात तंतू घाम पीत नाही. तंतूंच्या मधल्या फटींतून घाम पसरतो आणि मोठ्या पृष्ठभागावरून उडून जातो. त्यामुळे त्वचा कोरडी वाटते. पण उडतं ते पाणी, तेल आणि वास मागे उरतात. शिवाय पाणी उडायला हवा कोरडी लागते. मे महिन्यात नागपूरला हे कापड उत्तम चालतं (खरं तर तिथे पातळ सुती कापडही तितकंच गार ठेवतं). जुलैत भरलेल्या डब्यात हवाच ओली असते, घाम उडायला जागा नसते, आणि ज्या गुणासाठी हे कापड घ्यायचं तो गुणच निम्मा होतो.

मग सकाळी वास का नव्हता? कपडा थंड आणि कोरडा असताना तेलात अडकलेले रेणू स्वस्थ असतात, आणि वरून सॉफ्टनरचा सुगंध असतो. अंगाची ऊब आणि नवा घाम लागला की ते सुटू लागतात. उरलेल्या जिवाणूंनाही ओल आणि अन्न मिळतं. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे तपासलं होतं. २६ जणांनी तासभर जोरदार सायकलिंगचा व्यायाम केला, त्यांचे टी-शर्ट २८ तास बंद ठेवले आणि मग हुंगून पाहिले. पॉलिस्टरच्या टी-शर्टना सुतीपेक्षा स्पष्टपणे जास्त वास होता, आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू कृत्रिम धाग्यांवर निवडून वाढलेले आढळले.

कपडा खरंच स्वच्छ झाला का, हे कपाटापाशी हुंगून कळत नाही. त्यासाठी लाँड्रीत वापरायची सोपी चाचणी आहे. धुऊन वाळलेला टी-शर्ट उलटा करा, काखेच्या जागी पाण्याचा हलका फवारा मारा, कापडाला सोसेल एवढी इस्त्री पाच-सहा सेकंद टेकवा आणि इस्त्री उचलताच वाफ हुंगा. तेल शिल्लक असेल तर वास लगेच नाकात येतो. तुमच्या घरी इस्त्री करताना कधी “हा धुतलेला आहे ना?” असा प्रश्न पडला असेल, तर त्याचं कारण हेच. यापुढे प्रत्येक इलाजाचा निकाल या वाफेवर ठरवा.

आता पॉलिस्टरमधून तेल काढायची रीत. दोन-तीन टी-शर्ट एका वेळी घ्या, त्याहून जास्त नको.

टी-शर्ट उलटा करून काखेच्या आणि कॉलरच्या जागी भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब चोळा. हा द्रव तेल काढण्यासाठीच बनवलेला असतो. जुन्या मऊ टूथब्रशने दोन्ही दिशांनी हलकं घासा आणि पंधरा मिनिटं राहू द्या. कडक ब्रश नको, विणीचे धागे उचकटतात आणि गोळे धरतात.

मग बादलीत ५ लिटर कोमट पाणी घ्या, ४० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर एक भाग उकळतं पाणी आणि पाच भाग नळाचं, आपल्याकडच्या हवेत हे बरोबर चाळीसच्या जवळ येतं. त्यात २०-२५ ग्रॅम एन्झाइमवालं डिटर्जंट विरघळवा. पाकिटावर घटकांत एन्झाइम लिहिलेलं असतं, लायपेज तेल फोडतं आणि प्रोटीएज प्रथिनं. कपडे यात तासभर भिजू द्या, मध्ये एकदोनदा खालीवर करा. एन्झाइमना वेळ लागतो आणि ऊब लागते. उकळत्या पाण्यात ती निकामी होतात, थंड पाण्यात रेंगाळतात. त्वचेचं तेलही थंड पाण्यात घट्ट राहतं आणि चाळीसच्या आसपास पातळ होतं.

हे पाणी ओतून द्या, कपडे एकदा खळबळून घ्या. पुन्हा ५ लिटर पाणी, या वेळी एक भाग उकळतं आणि दोन भाग नळाचं, म्हणजे पन्नास अंशांच्या जवळ. त्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, सोडियम परकार्बोनेट घाला. बाजारात हे ऑक्सिजन ब्लीच किंवा रंगीत कपड्यांचे डाग काढायची पावडर म्हणून मिळतं, पण त्यात इतर पदार्थही मिसळलेले असतात, म्हणून पाकिटावरचं प्रमाण बघून घ्या. गरम पाण्यात यातून प्राणवायू सुटतो आणि तो वासाचे रेणू आणि जिवाणू दोन्ही मोडतो. थंड पाण्यात ही पावडर जवळजवळ काहीच करत नाही आणि मग लोक म्हणतात, पावडर खोटी निघाली. कपडे दोन तास ठेवा. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग उतरतो का ते पाहा. हातमोजे घाला. उरलेलं पाणी झाकणबंद बाटलीत अजिबात साठवू नका, आत दाब वाढून बाटली फुटते.

त्यानंतर मशीनमध्ये नेहमीची धुलाई, सॉफ्टनर न घालता, आणि एक जादा रिन्स. वाळल्यावर वाफेची चाचणी. जुन्या टी-शर्टला हे दोनदा करावं लागू शकतं. दोन फेऱ्यांनंतरही वाफेत वास आला, तर तेल तंतूत खोल गेलंय आणि जुनं होऊन घट्ट झालंय असं समजा. त्याच्यावर आणखी पावडर आणि पाणी घालवू नका.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. कापडात लायक्रा असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका आणि क्लोरीनचं ब्लीच लावूच नका, लायक्रा पिवळी पडते आणि तिचा ताण जातो. छातीवर कंपनीचं रबरी छापकाम असेल तर पन्नास अंशांत त्याच्या कडा सुटू शकतात. तिथे चाळीसवर थांबा आणि परकार्बोनेटमध्ये वेळ दोनाऐवजी चार तास द्या.

तुम्ही केलेले उपाय का फसले, तेही सांगायला हवं. सॉफ्टनर हा मुळात मऊपणा देणारा स्निग्ध थर आहे. पॉलिस्टरवर तो साचत जातो, घाम पसरायच्या फटी बुजवतो आणि जुन्या तेलावर झाकण घालतो. पुढच्या धुलाईत पाणी तेलापर्यंत पोचणं आणखी अवघड होतं. खेळाच्या कपड्यांना, टॉवेलना आणि पॉलिस्टरच्या गणवेशाला सॉफ्टनर पूर्ण बंद करा. जंतुनाशकाने जिवाणू मरतात, पण त्यांचं अन्न कापडातच असतं. दुसऱ्या दिवशी काखेतून नवे जिवाणू येतात आणि तयार पानावर बसतात. डिटर्जंट दुप्पट घालणं हेही तसंच. न निघालेलं डिटर्जंट कापडात राहून मळ धरतं, आणि मशीनमध्ये जादा फेसाने कपडे एकमेकांवर घासतच नाहीत.

व्हिनेगरबद्दल बरेच सल्ले फिरतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. घामाच्या वासातला एक मोठा वाटा आम्लांचा असतो. धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात या आम्लांचे क्षार होतात, ते पाण्यात विरघळतात आणि वाहून जातात. व्हिनेगर स्वतः आम्ल आहे, ते नेमकं उलट काम करतं. म्हणून भिजवताना व्हिनेगर घालू नका. त्याची जागा अगदी शेवटच्या पाण्यात आहे, तीही बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर. ५ लिटरला ५० मिली पांढरं व्हिनेगर घातलं की कापडात बसलेले चुन्याचे क्षार आणि उरलेला सोडा निघतो. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर किंवा त्यानंतर नीट न खळबळता व्हिनेगर कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. जड पाण्यात साबणाची वडीही टाळा. साबण आणि चुना मिळून पांढुरका चिकट साका होतो, तो धाग्यांत बसतो आणि वास धरतो. डिटर्जंट पावडर किंवा द्रव हेच जड पाण्याला बरं.

गणवेश पॉलिस्टरचाच घालावा लागणार, तर रोजच्या सवयी जास्त महत्त्वाच्या. तुम्ही आत सँडो बनियन घालत असाल, बहुतेक जण घालतात. सँडोला बाही नसते, त्यामुळे काखेतला घाम थेट टी-शर्टला लागतो आणि बनियनचा उपयोग फक्त छाती-पाठीला होतो. अर्ध्या बाह्यांचा पातळ सुती बनियन घ्या. तो घाम आणि तेल आधी स्वतःकडे घेतो आणि तो गरम पाण्यात निर्धास्त धुता येतो. या एका बदलाचा परिणाम महिनाभरात टी-शर्टच्या काखेत दिसतो.

दुसरं म्हणजे संध्याकाळी आल्यावर टी-शर्ट धुण्याच्या टोपलीत कोंबू नका. त्वचेचं तेल हवेने जुनं होत जातं आणि जितकं जुनं तितकं चिवट. मशीन लावायची नसेल तर काख आणि कॉलर नळाखाली धरून, डिटर्जंटच्या पाण्याने चोळून, पिळून दोरीवर टाका. पाच मिनिटांचं काम आहे. शनिवारी एकदम पाच टी-शर्ट धुण्यापेक्षा हे कितीतरी पटीने परिणामकारक. घाम येऊ न देणारा रोलऑन लावत असाल तर तो पूर्ण वाळल्यावर कपडा घाला. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून काखेत पिवळट, कडक पापुद्रा करतात आणि तो पापुद्राही वास धरतो.

आता सुती कपड्याचा कुबटपणा. इथे तेल हा मुख्य गुन्हेगार नाही, वेळ आहे. सूत स्वतःत पाणी घेतं, त्यामुळे मशीनने पिळल्यावरही त्यात पॉलिस्टरपेक्षा खूप जास्त पाणी उरतं. घरातल्या वजनकाट्यावर पाहा: २०० ग्रॅमचा सुती टी-शर्ट पिळून बाहेर आल्यावर ३०० ग्रॅम भरला, तर १०० ग्रॅम पाणी हवेने उचलायचं आहे. पुन्हा एकदा नुसतं स्पिन लावा आणि परत वजन करा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढं वाळणं लवकर. पावसाळ्यात दोनदा स्पिन हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण फिरवून पाणी काढायला हवेच्या ओलाव्याची अडचण येत नाही.

कपडा बराच वेळ ओलसर राहिला की त्यात जिवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की ओल्या कपड्यांच्या त्या ठरावीक कुबट वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू असतो. तो कोरडेपणा आणि अतिनील किरणही बऱ्यापैकी सोसतो. म्हणून एकदा कुबटलेला कपडा उन्हात वाळवला की बरा वाटतो, आणि पुन्हा घामाने भिजला की तासाभरात तोच वास परततो. ऊन चांगलंच, पण कुबटलेल्या कपड्याला ते पुरत नाही. त्याला उष्णता लागते.

सुताची जमेची बाजू ही की त्याला उष्णता आणि सोडा दोन्ही सोसतात. परिटाच्या भट्टीत पांढरे सुती कपडे सोड्याच्या पाण्यातून काढून वाफेवर ठेवत, ते नुसतं पांढरेपणासाठी नव्हतं. तेल, प्रथिनं आणि जिवाणू तिघांचाही निकाल त्यात लागायचा. घरी त्याची सौम्य आवृत्ती करता येते. मशीनला ६० अंशांची सोय असेल तर पांढरे आणि पक्क्या रंगाचे सुती कपडे, बनियन, टॉवेल, पंचे त्यावर लावा आणि डिटर्जंटबरोबर दोन चमचे परकार्बोनेट घाला. मशीनला हीटर नसेल तर बादलीत अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं पाणी घेऊन तास-दीड तास भिजवा. कच्च्या रंगाचे, छापील आणि हातमागाचे कपडे यात घालू नका.

वाळत घालतानाही थोडं लक्ष द्यायला हवं. मशीन थांबल्यावर कपडे आत ठेवू नका, रात्री लावून सकाळी काढणं तर पावसाळ्यात बंदच करा. दोन कपड्यांमध्ये चार बोटांचं अंतर, टी-शर्ट हँगरवर म्हणजे पुढचा-मागचा भाग एकमेकांना चिकटणार नाही, जीन्सचे खिसे बाहेर काढलेले. बंद खोलीत वाळवायचे असतील तर पंखा कपड्यांच्या बाजूने मारा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. कपड्यांतून निघालेलं पाणी खोलीतच फिरत राहिलं तर काही वेळाने हवा आणखी पाणी घेईनाशी होते. शिवण दाबून बघितल्याशिवाय घडी करू नका. शिवण थंड लागली तर ती ओली आहे, पाच-दहा मिनिटं इस्त्री फिरवा. सर्द कपडा कपाटात गेला की शेजारच्या कपड्यांनाही घेऊन बसतो.

एवढं करूनही सगळ्या कपड्यांना सारखाच वास येत असेल तर मशीन तपासा. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या रबरी कडेच्या घडीत बोट फिरवा. बुळबुळीत काळपट थर हाताला लागला तर प्रत्येक धुलाईत तोच तुमच्या कपड्यांना लागतोय. महिन्यातून एकदा रिकामं मशीन सर्वांत गरम चक्रावर चार मोठे चमचे परकार्बोनेट घालून चालवा, कड पुसून घ्या आणि धुणं संपल्यावर दार उघडं ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न, कापड कोणतं. इथे धाग्याइतकीच जाडी आणि वीण महत्त्वाची. सोलापुरी जाड टॉवेल आणि साधा पंचा, दोन्ही सुतीच, पण पावसाळ्यात टॉवेल तिसऱ्या दिवशी कुबटतो आणि पंचा कुबटत नाही, कारण तो दोन-तीन तासांत वाळून मोकळा होतो. तेच शर्टाला लागू. मुंबई-कोकणच्या हवेत चौरस मीटरला १८० ग्रॅम भरणाऱ्या विणलेल्या सुती कापडाच्या टी-शर्टपेक्षा पातळ, सैल विणीचा सुती शर्ट दोन्ही बाजूंनी सरस ठरतो. तो वासही कमी धरतो आणि वाळतोही लवकर. लिनन त्याहून बरं, चुरगळण्याची तयारी असेल तर. पातळ खादीही चांगली, फक्त जाड खादी पावसाळ्यात टाळा.

टेरिकॉट, म्हणजे बहुतेक वेळा ६५-३५ किंवा ६७-३३ पॉलिस्टर-सूत, शाळेच्या आणि कार्यालयीन गणवेशात सर्रास असतं. तेल पॉलिस्टरच्या वाट्याला आणि पाणी सुताच्या वाट्याला, त्यामुळे दोन्ही दोष सौम्य होऊन येतात. कंपनी पर्याय देत असेल तर शुद्ध पॉलिस्टरपेक्षा मी टेरिकॉटच घ्यायला सांगेन, आणि सुताचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर असेल तर आनंदाने. व्हिस्कोस आणि मोडाल सुतापेक्षा जास्त पाणी पितात, अंगाला गार लागतात, पण व्हिस्कोस ओलं असताना बरंच कमजोर होतं. ते जोरात पिळलं की आकार बिघडतो. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं. त्याच्या जंतुरोधक असण्याच्या दाव्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये विक्रेत्यांवर कारवाई केली होती, कारण बांबूचा लगदा रसायनांतून गेल्यावर तो गुण उरत नाही. चांदीचा किंवा इतर जंतुरोधक लेप दिलेले कपडे सुरुवातीला मदत करतात, पण बऱ्याच लेपांचा जोर धुण्यागणिक कमी होतो आणि तेलाचा प्रश्न ते सोडवत नाहीतच.

वासाच्या बाबतीत सगळ्यांत सोशीक धागा म्हणजे लोकर. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा घेऊनही ती ओली वाटत नाही, आणि वासाचे रेणू आत धरून ठेवते. थंड देशांत राहणाऱ्यांनी किंवा हिवाळ्यात सह्याद्रीत दोन-तीन दिवसांचा ट्रेक करणाऱ्यांनी आतून पातळ मेरिनो लोकर घालावी, ती खरोखर न धुता चालते. डोंबिवलीच्या लोकलसाठी ती नाही. लोकर आणि रेशीम यांना धुण्याचा सोडा, एन्झाइमचं डिटर्जंट, परकार्बोनेट आणि क्लोरीन यांपैकी काहीही लावू नका. दोन्ही प्रथिनांचे धागे आहेत आणि वरचा इलाज त्यांना खाऊन टाकेल. त्यांना रिठ्याचं कोमट पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव. रेशमी ब्लाउजच्या काखेत आतून सुती पॅड लावणं हा धुण्यापेक्षा चांगला उपाय, कारण घामातल्या क्षारांनी तिथला रंग आणि धागा दोन्ही आधी जातात.

दुकानात लेबलवर विश्वास नसेल तर घरी आणल्यावर आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढून चिमट्यात धरा आणि वाटीवर जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आधी वितळून आखडतं आणि कडक काळा मणी होतो, जो बोटांत चुरडत नाही. लोकर-रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि मणी चुरडतो. शिलाईचा दोरा नको, तो सुती कपड्यातही पॉलिस्टरचा असू शकतो. कापडातलाच धागा हवा. ‘कॉटन फील’ आणि ‘कॉटन रिच’ असं लिहिलेल्या कपड्यांना ही परीक्षा अवश्य लावा.

तुमच्यापुरतं क्रमाने सांगायचं तर आजच्या आज सॉफ्टनर बंद करा आणि सगळ्या टी-शर्टना वाफेची चाचणी लावा. ज्यांना वास येतो ते वरच्या रीतीने दोनदा काढा. जे तरीही नापास होतील ते बदलून मागताना कंपनीच्या खरेदी विभागाला सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड सुचवा, आणि नव्या टी-शर्टच्या आत पहिल्या दिवसापासून बाह्यांचा बनियन घाला. नव्या पॉलिस्टरमध्ये तेल साचायच्या आधी हे सुरू केलं तर भिजवण्याची ही सगळी खटपट सहसा दोन-तीन महिन्यांतून एकदाच करावी लागते. बोअरवेलचं पाणी असेल तर मात्र महिन्यातून एकदा, आणि शेवटच्या पाण्यात ते ५० मिली व्हिनेगर.